२^६७ − १ : पाया २ ची चाचणी इथे चालत नाही

२^६७ − १ फर्माच्या चाचणीत (संख्या N असेल, तर N ने भाग न जाणारा एखादा पाया घेऊन त्याचा N − १ वा घात N ने भागायचा; N मूळ असेल तर बाकी १ यायलाच हवी) पाया २ घेऊन पास झाली, बाकी १ आली, तरी तिला मूळ संख्या का मानत नाहीत, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझं जुनं दुखणं वर आलं. तुमची आकडेमोड बरोबर आहे. चाचणी चुकीची निवडली गेली.

घातांक मूळ हवा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो. खरी मेख अशी: M = २^p − १ म्हणा, p मूळ. २^p ला M ने भागलं की बाकी १. आता M − १ म्हणजे २^p − २, आणि p मूळ असल्याने, फर्माच्याच नियमाने, त्याला p ने भाग जातोच. म्हणून २^(M − १) ची बाकीही १. यात M मूळ आहे की नाही याचा संबंध कुठे आला? पाया २ घेणं म्हणजे आरोपीलाच साक्षीला उभं करणं. २०४७ म्हणजे २^११ − १ घेऊन बघा: बाकी १ येते, आणि संख्या आहे २३ × ८९. पाया ३ घेतला की लगेच पकडली जाते.

मी हीच शंका एका गणित विभागाला लेखी विचारली होती. उत्तर काय, तर ‘चाचणी प्रमाणित आहे, निकाल ग्राह्य धरावा.’ एका ओळीत! पाया कोणता घेतला हे कोणी विचारलंसुद्धा नाही. त्या भरवशावर पुढची सगळी मांडणी उभी केली आणि नंतर मुळापासून मोडावी लागली. चूक होते, त्याचं काही नाही. पण वाचायचे कष्ट न घेता शिक्का मारणाऱ्यांचा मला अजून राग येतो. असो.

माझ्या मते या साच्याच्या संख्यांना ल्युका–लेमर चाचणीच लावावी. (मी व्यावसायिक गणिती नाही, जाणकारांनी दुरुस्त करावं.) ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, M ने भागून बाकी ठेवायची, असं p − २ वेळा. p विषम मूळ हवा. शेवटी ० आला तर मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी १४, ६७, ४२, १११, ०. २०४७ साठी शेवटी १७३६ उरतात. तुमच्या संख्येला ६५ पायऱ्या लागतील.

फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ साली, २^p − १ मूळ येते अशा घातांकांच्या आपल्या यादीत ६७ घातला होता. २^६७ − १ संयुक्त आहे हे ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव सापडले १९०३ मध्ये, अमेरिकन गणिती कोलला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. दोन्ही अवयवांतून १ वजा केला की १३४ ने भाग जातो. २^p − १ च्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर २p ने भाग जावाच लागतो, त्यामुळे शोध घेताना बाकीचे भाजक सरळ गाळता येतात.

आणि हो, संगणकावर हे दशांशी (floating point) प्रकारच्या चलात करू नका. नेहमीच्या ६४ बिटांच्या दशांशी चलात २^५३ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक अचूक राहीलच असं नाही, आणि तुमची संख्या २१ अंकी आहे.