टाके, बांगडा आणि एक्स-रे

प्रश्न: आईच्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. शेजारच्या काकी म्हणतात, मासे नि आंबट बंद, जखम पिकते. एक्स-रेतही हाड जुळलेलं दिसत नाही. काय करू?
– एक वाचक, देवगड

उत्तर: काकींना माझा नमस्कार सांगा आणि आईंना बांगड्याचं तिखलं वाढा. जखम भरते ती कोलॅजेन या प्रथिनाने. त्याचे तीन धागे घट्ट पिळले जायला क जीवनसत्त्व लागतं. स्कर्व्ही या आजारात शरीरातलं ते संपतं, तेव्हा जुने व्रणसुद्धा उकलतात. म्हणून लिंबू, पेरू, आवळा द्या. सोलकढीवर मात्र विसंबू नका, कोकमाचा आंबटपणा क जीवनसत्त्वाचा नव्हे, मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. चवीला हवी तेवढी प्यावी, मीही पितो. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मासे, म्हणजे प्रथिनं, किती ते डॉक्टरांनाच विचारा.

एक्स-रेचं म्हणाल तर, मोडलेल्या जागी आधी मऊ कूर्चा धरते. तिच्यात कॅल्शियम नसतं, किरण आरपार जातात, फोटोत फट दिसते. पुढे काही आठवड्यांत कॅल्शियम भरू लागलं की तिथे पांढुरकं उमटतं. टाक्यांतून पू आला, ताप भरला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.