क्लोरीन ‘खाणारे’ जीवाणू की क्लोरीनवर ‘श्वसन करणारे’?

प्रश्न असा आला आहे: भूजलातलं क्लोरीनयुक्त प्रदूषण दूर करणाऱ्या जीवाणूंवरचा एक लेख मराठीत आणताना भाषांतरकाराने ‘क्लोरीन खाणारे अवायुजीवी जीवाणू’ असं लिहिलं. संपादकाने ‘खाणारे’ काढून ‘पचवणारे’ केलं, आणि ‘अवायुजीवी’ऐवजी ‘विनॉक्सी’ सुचवलं. यातलं बरोबर काय?

‘खाणारे’ चूक आहे, आणि ‘पचवणारे’ही तितकंच चूक. हे जीवाणू क्लोरीनयुक्त संयुगांवर श्वास घेतात. या विषयाचा गाभाच त्या क्रियापदात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण अन्न खातो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते शेवटी ऑक्सिजनच्या स्वाधीन होतात आणि या देवघेवीत ऊर्जा मिळते. म्हणजे अन्न हे इलेक्ट्रॉन देणारं आणि ऑक्सिजन ते घेणारा. आता ‘डिहॅलोकॉकॉइडिस’ हा जीवाणू घ्या. त्याला ऊर्जा मिळते ती हायड्रोजन वायूपासून, शरीर बांधायला लागणारा कार्बन मिळतो व्हिनेगरातल्या आम्लापासून होणाऱ्या अ‍ॅसिटेटमधून. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये वापरलं जाणारं टेट्राक्लोरोएथिलीन त्याच्याकडे ऑक्सिजनच्या जागेवर असतं. ते इलेक्ट्रॉन घेतं, त्यातला क्लोरीनचा एक अणू क्लोराइड होऊन पाण्यात जातो आणि त्या जागी हायड्रोजन बसतो. क्लोरीन पेशीत अन्न म्हणून कुठेच मुरत नाही. मग ‘खाल्लं’ कसं म्हणायचं?

हा नुसता काटेकोरपणा नाही. प्रदूषित जमिनीत हे जीवाणू कामाला लावायचे असतील तर अभियंते खाली लॅक्टेट, मळी किंवा सोयाबीनचं तेल सोडतात. तिथले इतर सूक्ष्मजीव ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन तयार होतो आणि तो या जीवाणूंना मिळतो. ‘क्लोरीन खाणारे’ असं वाचलेल्या माणसाला साहजिकच प्रश्न पडेल: जमिनीत त्यांचं अन्न भरपूर असताना वरून मळी कशाला? ‘श्वसन’ हा शब्द आला की प्रश्न उरत नाही. श्वासाची सोय आहे, जेवणाची नाही; ते बाहेरून पुरवावं लागतं.

आता ‘अवायुजीवी’. पाश्चरने 1860च्या दशकात ‘हवेशिवाय जगणारे’ या अर्थाची जी ग्रीक घडणीची संज्ञा केली, तिचा हा सरळ मराठी अवतार आहे. वायू म्हणजे फक्त ऑक्सिजन नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. आपला हा जीवाणू तर हायड्रोजन वायूवरच जगतो! तरीही शब्द रुळलेला आहे, कानाला समजतो, म्हणून मी तो ठेवीन. ‘विनॉक्सी’चा संबंध आपल्या मनात शाळेतल्या ‘विनॉक्सिश्वसना’शी जोडलेला आहे, आणि तिथे उदाहरण असतं ते किण्वनाचं, म्हणजे आंबवण्याचं: यीस्ट, साखर, अल्कोहोल. इथे किण्वन नाही. इथे खरंखुरं श्वसन आहे, फक्त इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ वेगळा आहे. म्हणून या प्रक्रियेला ‘हॅलोश्वसन’ म्हणावं असं मी सुचवतो. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन सगळे हॅलोजन त्यात येतात, आणि ‘ऑक्सिश्वसन’ शिकलेल्या वाचकाला ते जोडीचं वाटतं. एक मात्र पाळा: अशा लेखात ‘प्राणवायू’ लिहू नका, ‘ऑक्सिजन’च लिहा. ज्याच्या संपर्कात हा जीवाणू मरतो, त्या वायूला त्याच्याच लेखात प्राणवायू म्हणणं वाचकाला गोंधळात टाकतं.

मूळ प्रश्नात नसलेला, पण मला जास्त धोक्याचा वाटणारा शब्द आहे ‘विघटन’. ‘जीवाणू प्रदूषकाचे विघटन करतात’ असं लिहिलं की काम संपलं असं वाटतं. प्रत्यक्षात क्लोरीनचे अणू एकामागून एक निघतात: टेट्राक्लोरोएथिलीन, ट्रायक्लोरोएथिलीन, डायक्लोरोएथिलीन, व्हिनिल क्लोराइड आणि शेवटी एथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा तोच वायू. यातलं व्हिनिल क्लोराइड माणसाला कर्करोग देणारं म्हणून सिद्ध झालेलं आहे. क्लोरीन काढणारे बरेच जीवाणू डायक्लोरोएथिलीनपाशीच थांबतात. थेट एथिलीनपर्यंत नेणारा पहिला जीवाणू कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळा केला, ते 1997 साली प्रसिद्ध झालं. गाडी व्हिनिल क्लोराइडवर अडली तर पाणी पहिल्यापेक्षा घातक होऊ शकतं, आणि तरी ‘विघटन झाले’ हे वाक्य खरंच राहतं. म्हणून ‘विक्लोरीकरण’ वापरा. ‘विनायट्रीकरण’ (जमिनीतल्या नायट्रेटचा जीवाणूंनी नायट्रोजन वायू करणं) आपल्याकडे आहेच, त्याच घडणीचा हा शब्द. शिवाय ते ‘अंशतः’ की ‘संपूर्ण’ हे दर वेळी लिहा. हे विशेषण कृपया गाळू नका.

ब्रोमीनसाठी याच धर्तीवर ‘विब्रोमीकरण’. आगरोधक म्हणून प्लॅस्टिक आणि फोममध्ये घातलेल्या ब्रोमीनयुक्त संयुगांच्या संदर्भात तो लागेल. इथे मात्र ‘मानवनिर्मित प्रदूषक’ हे शब्द सरसकट लावू नका. समुद्रातले स्पंज आणि काही कृमी स्वतःच ब्रोमीनयुक्त संयुगं बनवतात. भूमध्य समुद्रातल्या गोगलगायींपासून निघणारा प्राचीन राजजांभळा रंगही रासायनिकदृष्ट्या डायब्रोमोइंडिगोच आहे. अशा संयुगांवर श्वसन करणारे जीवाणू स्पंजाच्या शरीरातही सापडले आहेत. तेव्हा ‘कारखान्यांचं विष पचवायला हे जीवाणू अलीकडे शिकले’ असं मूळ लेखात सुचवलं असेल, तर भाषांतरात ते वाक्य तपासून घ्या.

राहिलं नाव. आज या जीवाणूचं पूर्ण नाव ‘डिहॅलोकॉकॉइडिस मॅकार्टी’. दुसरा शब्द स्टॅनफर्डच्या पेरी मॅकार्टी या पर्यावरण अभियंत्याच्या सन्मानार्थ 2013 साली आला. जुन्या लेखांत ‘एथेनोजेनिस’ दिसेल. जीवाणू तोच, त्यामुळे दोन वेगळे असल्यासारखे लिहू नका. तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: ‘क्लोरीनयुक्त संयुगांवर श्वसन करणारे अवायुजीवी जीवाणू’. लांब आहे, पण दुसऱ्या वाक्यापासून ‘हॅलोश्वसनी जीवाणू’ म्हणून भागेल.