कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत माझा फोटो दर वेळी पहिल्याच फेरीत बाद का होतो? परीक्षक नेमकं काय बघतात?

इन्स्टाग्रामवर भरभरून लाइक मिळालेला तुमचा जेजुरीचा फोटो क्लबात पहिल्याच फेरीत उडाला आणि परीक्षक ‘बॅकग्राउंड बिझी आहे’ (म्हणजे मागे फार पसारा आहे) एवढंच बोलून पुढे गेले, असं तुम्ही लिहिलंय. लाइकचं सोडा, त्याचा इथे काही संबंध नाही. पण ‘बॅकग्राउंड बिझी’ वाचलं आणि म्हटलं, आता उत्तर लिहायलाच हवं. मी बरीच वर्षं स्पर्धांना फोटो पाठवतेय, आणि अलीकडे मलाही परीक्षक म्हणून बोलावतात. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

परीक्षक काय बघतात? खरं सांगू का, फार काही बघत नाहीत. बघायला वेळच नसतो. सलॉन, म्हणजे बाहेरची मोठी फोटो-स्पर्धा, म्हटलं की चार विभाग, प्रत्येक विभागात एकेकाचे चार फोटो. काहीशे लोकांनी भाग घेतला की आकडा हजारांत जातो. अंधाऱ्या खोलीत तीन परीक्षक, प्रत्येकाच्या हातात गुण द्यायचं बटणांचं यंत्र. पडद्यावर फोटो येतो, चार-पाच सेकंदांत बटण दाबायचं, की पुढचा. प्रत्येकाचे पाचपैकी, तिघांची बेरीज पंधरापैकी. मग एकूण फोटोंतले साधारण पाव ते तिसरा हिस्सा आत यावेत अशा बेताने आयोजक कुठेतरी रेघ मारतात. रेघेच्या वर तो ‘अॅक्सेप्टन्स’, खाली तो घरी. पदकांची फेरी नंतर असते, तिथे मात्र थांबून बघतात, वादही घालतात. तुम्ही तिथपर्यंत पोचतच नाही आहात.

आता ती बेरीज नीट बघा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. एका फोटोला तिघांनी चार-चार दिले, झाले बारा. दुसऱ्याला दोघांनी पाच-पाच दिले आणि तिसऱ्याने आठ्या घालून एक दिला, झाले अकरा. रेघ बारावर पडली, तर दोघांना जीव तोडून आवडलेला फोटो बाहेर आणि तिघांना बरा वाटलेला आत. लग्नाच्या पंगतीतली भाजी जशी कुणाच्याच जिभेला लागणार नाही अशी करतात, तशी ही पद्धत आहे. कुणालाच न खटकणारा फोटो हिच्यातून वर येतो.

आणि न खटकणारा फोटो म्हणजे काय, ते तुम्हालाही पाठ असणार. दिवे घाटातली पालखी, उंचावरून. जेजुरीचा उधळलेला भंडारा. भिगवणला उडणारे रोहित. पुष्करचा उंट आणि मागे मावळता सूर्य. बनारसचा साधू आणि चिलमीचा धूर. हे फोटो वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण चार सेकंदांत ओळखायला ते सोपे असतात, कारण परीक्षकाने ते आधी शंभर वेळा पाहिलेले असतात आणि स्वतःही काढलेले असतात.

माझं गाऱ्हाणं एका खांबाचं आहे.

मी कृष्णाकाठी राहते. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, हे लहानपणापासून बघत आले. एका थंडीत, भल्या सकाळी, अशाच एका वस्तीवर गेले होते. पाचटाच्या कोप्या, वर ताडपत्री. एक बाई चुलीपुढे भाकरी थापत होती, बाजूला बैल वाढं खात होते. तिच्याशी बोलले, तिच्या भाकरीतली चतकोर खाल्ली, मग कॅमेरा काढला. उजव्या अंगाला सिमेंटचा विजेचा खांब होता. त्याच्या तारा नेमक्या कोप्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या विहिरीवरच्या मोटरीकडे गेलेल्या. कोपीत उजेडाला काय, तर एक बॅटरी. मी मुद्दाम मागे सरकले, खांब आणि तारा दोन्ही चौकटीत याव्यात म्हणून. चूल खाली डावीकडे, खांब उजवीकडे, मधून तारा. मला त्या फोटोत काय म्हणायचं होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

क्लबच्या मासिक स्पर्धेचा विषय होता ‘ग्रामीण जीवन’. परीक्षक बाहेरगावचे, मोठे नाव असलेले, नावापुढे ईएफआयएपी, म्हणजे ‘फियाप’ या आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघाची पदवी. (ज्यांना हे अक्षरांचं वेड माहीत आहे त्यांना माहीत आहे. देशोदेशीच्या सलॉनमधले अॅक्सेप्टन्स मोजून, मग आपले फोटो दाखवून ही पदवी मिळवावी लागते. काही लोक त्यासाठी संसार पणाला लावतात.) माझी प्रिंट स्टँडवर आली. सर दोन पावलं मागे गेले, पुढे आले, आणि म्हणाले,

“मॅडम, चूल सुंदर, धूर सुंदर, लाइट तर विचारूच नका. तेवढा खांब काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.”

“सर, खांबासाठीच काढलाय फोटो.”

“खांबासाठी?” सरांनी सभागृहाकडे वळून बघितलं. “मग वीज मंडळाच्या स्पर्धेला पाठवा.”

सगळे हसले. मीही हसले, करता काय.

पहिला नंबर कुणाला मिळाला ते ऐका. वाड्याचा दरवाजा, नऊवारीतली गोरीपान मुलगी, हातात पेटता कंदील आणि मागून उन्हाच्या तिरीपा. भर उन्हात पेटता कंदील! सभागृहात एकालाही तो खटकला नाही. माझा खांब खटकला. त्या मुलीचं गुपित आमच्या क्लबात निम्म्या लोकांना माहीत होतं. चार जणांनी पैसे काढून वाडा घेतला होता, मुलगीही पैसे देऊन आणलेली, तिरीपा दिसाव्यात म्हणून धूप जाळलेला. त्याच मुलीचे त्याच दारातले आणखी फोटो त्याच स्पर्धेत होते, फक्त तिथे कंदिलाच्या जागी सूप होतं. सर म्हणाले, “याला म्हणतात अस्सल ग्रामीण जीवन.” मी तिथेच उठून बोलायला हवं होतं असं नवरा अजून म्हणतो. मी बोलले, पण चहाच्या वेळी. सरांचं उत्तर असं होतं की चित्रकाराला कुणी विचारतं का, झाड खरं होतं का म्हणून. फोटो ही कला आहे, त्यात खरं-खोटं कसलं.

हा युक्तिवाद तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल, म्हणून सांगते. अर्धा बरोबर आहे तो. ओपन कलर विभागात खांब काढा, चंद्र चिकटवा, मुलगी उभी करा, नियमात बसतं. पण फियापसारख्या संस्थांचेच दुसरे विभाग आहेत आणि तिथे नियम एकदम उलटा आहे. नेचर, ट्रॅव्हल आणि फोटोजर्नालिझम या तिन्हींत चौकटीतली वस्तू काढायची नाही, घालायची नाही, हलवायची नाही. कडा कापायच्या असतील तर कापा. ट्रॅव्हलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की फोटोसाठी मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग किंवा पैसे देऊन, सूचना देऊन उभा केलेला माणूस चालणार नाही. नेचरमध्ये माणसाचा हात दिसता कामा नये, अपवाद थोडेच, आणि जिवंत भक्ष्य बांधून पक्षी बोलावणं बंद. संशय आला तर आयोजक मूळ फाइल मागतात. म्हणजे ‘खरं-खोटं कसलं’ हे सरांचं म्हणणं त्यांच्याच पदवी देणाऱ्या संस्थेला मान्य नाही.

मोठ्या स्पर्धांत या प्रकाराने अब्रू गेलेली आहे. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ची 2009ची सर्वोच्च निवड म्हणजे फाटकावरून उडी मारणारा लांडगा. तो पाळलेला असावा असं परीक्षकांना वाटलं आणि जानेवारी 2010मध्ये बक्षीस काढून घेतलं. त्याच स्पर्धेत 2017ला एका विभागात जिंकलेला मुंगीखाऊ पुढच्या वर्षी बाद झाला, कारण तो पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांचं मत पडलं. भाड्याची मुलगी आणि दिवसा कंदील त्या मानाने किरकोळ, पण जात एकच.

तर मी तो खांबवाला फोटो एका सलॉनला फोटोजर्नालिझममध्ये पाठवला. अॅक्सेप्ट झाला. पदक वगैरे नाही, फक्त अॅक्सेप्टन्स. फोटो तोच, प्रिंटच्या जागी फाइल एवढाच फरक. क्लबात तो ‘डिस्ट्रॅक्टिंग एलिमेंट’ होता, तिथे तो बातमी होता. तेव्हा तुम्ही पहिलं काम हे करा की फोटो कुठल्या विभागाचा आहे ते ठरवा. गर्दी, तारा, फ्लेक्स, प्लास्टिकच्या पिशव्या असलेला जेजुरीचा फोटो ओपनमध्ये मार खाणारच. ट्रॅव्हलमध्ये किंवा फोटोजर्नालिझममध्ये त्याच गोष्टी त्याला जागेचा पत्ता देतात.

पुढे एकदा मी आणि तेच सर एकाच पॅनलवर बसलो. तिसरे एक तरुण परीक्षक होते. वारीचा एक फोटो आला. रस्त्याकडेला झाडाखाली कुणीतरी वायर ओढून चार्जिंगचे बोर्ड मांडलेत, त्यावर मोबाइलच मोबाइल, आणि भोवती टाळ गळ्यात असलेले वारकरी आपापल्या फोनवर नजर ठेवून बसलेत. एका म्हाताऱ्या बाबांचा हात वायरवर, कुणी काढू नये म्हणून. मी पाच दिले. तरुणाने चार. सरांनी दोन. अकरा. त्या दिवशी रेघ बारावर होती. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, तर सर म्हणाले, “त्यात वारीचा फील येत नाही.” म्हटलं, सर, वारीत येतो की. ते म्हणाले, “तुमचं खांबापासून असंच आहे.” म्हणजे खांब त्यांच्याही लक्षात होता! इतकी वर्षं! मला त्या दिवशीचं जेवण फार गोड लागलं.

हे सगळं लिहिताना मुंबईची आठवण येते. तिथे 1854मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, स्वतः फोटो काढायचे. म्हणजे आपल्याकडे हौशी लोकांनी एकत्र बसून एकमेकांचे फोटो बघायला लागल्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. एवढ्या काळात निदान खांब बघायची सवय व्हायला हरकत नव्हती.

आता तुमच्या फोटोबद्दल, तो मी पाहिलेला नाही तरी. तुम्हाला एकच प्रश्न विचारते: मागे जे बिझी आहे, ते कॅमेऱ्याचं बटण दाबताना तुम्हाला दिसलं होतं का? दिसलं नव्हतं, घरी आल्यावर कुणीतरी दाखवलं, तर परीक्षक बरोबर आहेत. दिसलं होतं आणि हवं होतं, तर ते आणखी ठळक करा. अर्धवट कापलेला, धूसर, कोपऱ्यातला टॉवर चूक वाटतो. पूर्ण, स्वच्छ, माणसाशी नातं सांगणारा टॉवर चूक वाटत नाही. चार सेकंदांत परीक्षकाला एवढंच कळलं पाहिजे की हे मुद्दाम आहे. शीर्षकावर फार भिस्त ठेवू नका, गुण देताना पुष्कळदा ते वाचून दाखवतही नाहीत. उभा फोटो पडद्यावर लहान दिसतो, 1920 बाय 1080च्या चौकटीत त्याला उंची फक्त 1080 मिळते, हे लक्षात ठेवून निवडा. आणि मोबाइलवर उजळ वाटणारा फोटो प्रोजेक्टरवर काळा पडतो, दुसऱ्या पडद्यावर बघितल्याशिवाय पाठवू नका.

एक सांगायचं राहिलं. दहातल्या आठ-नऊ वेळा ‘बॅकग्राउंड बिझी’ म्हणजे बॅकग्राउंड खरोखरच बिझी असतं. परीक्षक म्हणून बसल्यावर मीही ते सर्रास म्हणते. आणि ज्या सरांवर मी एवढं तोंडसुख घेतलं, त्यांच्याइतकी प्रिंटची पारख मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. सावलीत तपशील कुठे बुडाला, पांढरा कुठे फाटला, हे ते पाच फुटांवरून सांगतात. क्लब सोडू नका, भांडा हवं तर.

आणि जेजुरीचा फोटो मोनोक्रोममध्ये टाकायचा विचार असेल, तर भंडारा तेवढा पिवळा ठेवून बाकीचं काळं-पांढरं करू नका. ते मोनोक्रोममध्ये बसतच नाही, बाद होईल. तेव्हा परीक्षकाला शिव्या देऊ नका.