हातपंपाचं पाणी रात्रीतून तांबूस का होतं?

प्रश्न : आमचा हातपंप जुन्या कचरा डेपोपासून साधारण चारशे मीटरवर, उताराच्या बाजूला आहे. डेपो आता बंद असून त्यावर माती टाकली आहे. पाणी उपसताना नितळ असतं, पण बादलीत रात्रभर ठेवलं की तांबूस होतं आणि तळाला गाळ बसतो. जंतूंची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. पाणी उकळून प्यावं का, की तिथेच खोल बोअर घ्यावं? याच पाण्यावर परसात पालेभाजी करतो, ती खावी का?

उत्तर : तपासणी होईपर्यंत हे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरू नका, उकळूनही नको. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, शिसं, आर्सेनिक पाण्यातच राहतात. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर वरच्या दुधासाठी हे पाणी अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवली आहे ती मुख्यतः बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांसाठीच.

बादलीतला तांबूस गाळ लोहाचा असणार. कचऱ्यातून झिरपलेल्या पाण्यात कुजणारं सेंद्रिय द्रव्य भरपूर असतं आणि ते भूजलातला प्राणवायू संपवून टाकतं. प्राणवायू संपला की मातीत एरवी घट्ट बसलेलं लोह विरघळू लागतं. विरघळलेल्या लोहाला फारसा रंग नसतो, म्हणून पंपाचं पाणी नितळ दिसतं. बादलीत हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो. म्हणजे हे लोह डेपोतल्या पत्र्याडब्यांचंच असेल असं नाही, बरंचसं तुमच्या जमिनीतलंच असू शकतं. मला काळजी वाटते ती लोहाला चिकटून बसलेल्या आर्सेनिकची, कारण लोह सुटलं की तेही सुटू शकतं.

काही ठिकाणी कचरा नसतानाही भूजलात लोह असतं. म्हणून एकट्या लोहावरून डेपोवर ठपका ठेवता येत नाही. क्लोराइड, अमोनिया आणि बोरॉन तपासा. क्लोराइड मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबरच पुढे सरकतं, त्यामुळे दूषित पाणी कुठवर पोचलं याचा तो चांगला माग देतो. कॅनडातल्या बोर्डन इथल्या जुन्या डेपोखाली वाळूच्या थरात असा दूषित पट्टा सुमारे ७०० मीटरपर्यंत गेलेला आढळला होता. तेव्हा तुमचे चारशे मीटर मला पुरेसे वाटत नाहीत. भेगाळ खडक असेल तर पाणी एखाद्या भेगेने त्याहून लांब जाईल आणि शेजारची विहीर मात्र चांगली राहील.

एकाच पंपाचा नमुना देऊन थांबू नका. डेपोच्या वरच्या अंगाची एक विहीर, तुमचा पंप आणि बाजूची आणखी एक विहीर, तिन्हींचं पाणी एकाच दिवशी घ्या; पावसाळ्यापूर्वी एकदा, नंतर एकदा. पाइपात साचलेलं पाणी आधी उपसून टाका. धातूंसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवा. तो नमुना जागेवर गाळून लगेच आम्लात ठेवावा लागतो, नाहीतर लोह बाटलीतच खाली बसतं आणि अहवालात खोटा कमी आकडा येतो. असे अहवाल दाखवून लोकांना ‘पाणी चांगलं आहे’ असं सांगितलं जातं, याचा मला फार राग येतो.

माती टाकली म्हणजे डेपो बंद झाला, हेही खरं नाही. साध्या मातीतून पाऊस मुरतच राहतो. वर दाबून बसवलेला चिकणमातीचा थर किंवा प्लास्टिकचं अस्तर आणि पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार लागतो. तळाला अस्तर नसलेल्या जुन्या डेपोतून अमोनिया कित्येक दशकं झिरपत राहतो.

खोल बोअर त्याच जागी घेऊ नका. जोरात उपसा केला की दूषित पाणी तुमच्याकडेच ओढलं जाईल, आणि केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाच्या) बाहेरची फट नीट बुजवली नाही तर वरची घाण खालच्या चांगल्या थरात उतरेल. पाण्याचा नवा स्रोत शोधायचाच तर डेपोच्या वरच्या अंगाला शोधा.

आता भाजी. डेपोत पूर्वी कचरा जाळत असतील तर राख उडून शिसं आणि कॅडमियम परसात येऊन पडलेलं असू शकतं. शिसं बहुतेक वरच्या मातीतच राहतं आणि धुळीबरोबर पानांवर बसतं. ते नीट धुतल्याने बरंच जातं. कॅडमियम मुळांवाटे पानात शिरतं, तिथे धुण्याचा उपयोग नाही. वाफ्यातली वरची वीतभर माती तपासून घ्या, तोवर पालेभाजी खाऊ नका. आणि डेपोतली चाळलेली काळी माती कुणी खत म्हणून देत असेल तर घेऊ नका, त्यात काचेच्या चुऱ्यापासून जड धातूंपर्यंत काहीही असतं.

निकाल आले की पाठवा. सोबत डेपो, विहिरी आणि जमिनीचा उतार दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडा. त्याशिवाय नुसत्या आकड्यांवरून मला नीट सांगता येणार नाही.