मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालाय का, हे रक्तातील व्हीईजीएफ तपासून कळतं का?

नाही, आज तरी त्या आकड्यावरून निदान करता येत नाही. व्हीईजीएफ हे नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं आणि असलेल्या गळक्या करणारं प्रथिन. पण डोळ्यात त्रास देणारं व्हीईजीएफ मुख्यतः पडद्याच्याच पेशी ऑक्सिजन कमी पडला की तयार करतात. नव्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यांतल्या द्रवात ते खूप वाढलेलं असतं, हे १९९४ मध्येच दाखवलं गेलं. रक्तातलं मात्र बरंचसं प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. साध्या नळीत रक्त गोठलं की प्लेटलेट्स ते बाहेर टाकतात, त्यामुळे सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला) आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठलेल्या रक्तातल्या द्रवापेक्षा) कितीतरी जास्त येतो. म्हणजे एकाच माणसाचं एकाच वेळी घेतलेलं रक्त, नळी बदलली की उत्तर बदललं! ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतही नमुना यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायला उशीर झाला तर तीच गत. पांढऱ्या पेशींमधली व्हीईजीएफच्या जनुकाची अभिव्यक्ती (ते जनुक किती सक्रिय आहे हे) मोजली तर प्लेटलेट्सचा घोळ बराच कमी होतो, पण संसर्ग किंवा इतर कुठलीही सूज असली तरी ती हलते. संशोधनात गटागटांची तुलना करायला ती उपयोगी. एका रुग्णाचा निर्णय तिच्यावर नको.

त्याऐवजी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या:
- टाइप २: निदान होताच
- टाइप १: मधुमेह झाल्यापासून पाच वर्षांच्या आत
- गरोदरपणात (मधुमेह आधीपासून असेल तर): पहिल्या तिमाहीत

पुढे साधारण वर्षातून एकदा. डोळ्यात व्हीईजीएफरोधक इंजेक्शन द्यायचं का, हेही नजर, पडद्याची तपासणी आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं प्रकाशाने घेतलेलं चित्र) पाहूनच ठरतं.