अमेरिकन गायक बिली जोएलचं १९८९ चं गाणं ‘वी डिडन्ट स्टार्ट द फायर’ चीझी (सवंग) आहे, की फक्त मलाच तसं वाटतं?

ध्रुवपद चीझी आहे, कडवी नाहीत. लोक दोन्हींचा निकाल एकदमच लावतात आणि वर ‘नुसती बातम्यांची यादी, याला काय गाणं म्हणायचं’ हे ठेवणीतलं वाक्य टाकतात. त्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून उत्तर लांबणार.

यादी आहेच, पण ती कशी लावलीय ते बघा. जोएलचा जन्म १९४९ चा, गाणंही १९४९ पासूनच सुरू होतं आणि सनावळीप्रमाणे पुढे सरकतं. पहिली चार कडवी १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येपाशी संपतात. म्हणजे १५ वर्षांना चार कडवी, आणि १९६४ ते १९८९ ही २६ वर्षं शेवटच्या एकाच कडव्यात कोंबलेली. काही जण म्हणतात, त्याला कंटाळा आला असेल. असेलही. पण केनेडी गेले तेव्हा तो १४ वर्षांचा होता. लहानपणची वर्षं लांबलचक आणि नंतरची भुर्रकन गेलेली, हा हिशेब कानाला बरोबर लागतो.

आता यमकं. सोव्हिएत नेता मालेन्कोव्हला रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह जुळवलाय. त्याच ओळीत स्टालिन आहे, आणि स्टालिन व प्रोकोफिएव्ह एकाच दिवशी गेले, ५ मार्च १९५३ ला. स्टार्कवेदर या तरुण खुन्याच्या हत्याकांडाला थॅलिडोमाइडची बाळं (आईने गरोदरपणी घेतलेल्या त्या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेली) जुळवलीत. एक गुन्हा कोर्टात गेलेला, दुसरा औषधाच्या दुकानातून आलेला. १९५५ च्या ओळीत न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा बेसबॉल संघ जिंकतो आणि १९५८ च्या ओळीत बेसबॉल कॅलिफोर्नियात पोचलेला असतो, कारण तोच डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला हलला. मधलं कारण गाण्यात कुठेच नाही, क्रम ते सांगतो.

क्रियापदं तर जवळपास नाहीतच. त्यामुळे दिएन बिएन फू (व्हिएतनाममधला फ्रेंचांचा लष्करी तळ) ‘पडतं’ तेव्हा ते क्रियापद टोचतं.

खात्री करायची तर स्वतः लिहून बघा. कुठलीही दहा वर्षं घ्या. दर वर्षाच्या पाच-सहा नोंदी, प्रत्येक जास्तीत जास्त तीन शब्दांची, यमकाचा शब्द आघातावर. एका वर्षात एक युद्ध, एक मृत्यू, एक सिनेमा, एक बाजारातली वस्तू. सगळं जड घेतलंत तर श्रद्धांजलीचा फलक होतो, सगळं हलकं घेतलंत तर क्विझ. आणि क्रम सोडलात तर फॉल आउट बॉय या बँडने २०२३ मध्ये या गाण्याची नवी आवृत्ती केली तसं होतं: १९८९ नंतरची नावं आहेत, पण वर्षं उलटसुलट, त्यामुळे एक नाव पुढच्याला ढकलत नाही.

चाल मात्र सामान्य. जी, डी, ई मायनर, सी हेच कॉर्ड गोल गोल फिरतात आणि सूर जागचा फारसा हलत नाही. एरवी आधी चाल बांधणाऱ्या जोएलने इथे आधी शब्द लिहिले, ते लगेच कळतं. त्याने स्वतः या चालीला दंतवैद्याच्या ड्रिलची उपमा दिलीय.

राहिलं ध्रुवपद. आग आम्ही लावली नाही, ती आधीपासूनच जळत होती, हा सूर म्हणजे एका अख्ख्या पिढीने स्वतःला दिलेली क्लीन चिट. ‘१९५० च्या दशकात काही घडलंच नाही’ असं म्हणणाऱ्या एका २१ वर्षांच्या मुलाला उत्तर म्हणून गाणं सुचलं, हे माहीत असलं की ते थोडं सुसह्य होतं. पार्टीत सगळे हात वर करून नेमकं तेवढंच गातात, त्यामुळे तुम्हाला चीझी वाटलं तर नवल नाही. एकदा ध्रुवपद गाळून, प्रत्येक ओळीपुढे साल लिहून ऐका.

एक मात्र खरं, हा इतिहास अमेरिकेच्या दिवाणखान्यातून दिसलेला आहे आणि त्यातही मोठी भोकं आहेत. लिटल रॉक (शाळेतल्या वर्णभेदावरून पेटलेलं शहर) आहे, कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स आहे, पण मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव नाही. व्हिएतनामचं युद्ध फक्त दिएन बिएन फू आणि व्हिएतनामी नेते हो ची मिन्ह यांच्यावर भागवलंय. यावरून कुणी गाण्याला झोडपलं तर मी मध्ये पडणार नाही.