पहिल्यांदा स्कीइंगला जाताना: सोलापूरकरांच्या प्रश्नांना उत्तरे

आम्ही चौघे, मुले ७ आणि ११ वर्षांची. औलीला जावे की गुलमर्गला? (जुळे सोलापूर)

शिकणे हाच हेतू असेल तर औली. उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर आहेत, जागा आटोपशीर आहे आणि मुले नजरेआड होत नाहीत. गढवाल मंडल विकास निगम तिथे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग घेते. धाकट्यासाठी वयाची अट आधी विचारून घ्या. त्रास आहे तो प्रवासाचा. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, मग ऋषिकेश आणि तिथून ज्योतिर्मठपर्यंत (जुने जोशीमठ) घाटाचा अख्खा दिवस. तिथून औलीला जाणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा शेवटचा टप्पाही गाडीनेच धरून चाला.

मुलांना गाडी लागत असेल तर गुलमर्ग बरे. श्रीनगर विमानतळापासून रस्ता फार तर दोन-अडीच तासांचा, आणि गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) पायथ्याशी नवशिक्यांसाठी जवळजवळ सपाट उतार आहेत. मात्र स्की घेऊन गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका. अफरवाट डोंगराची ती बाजू तीव्र, हिमस्खलनाची आणि मुरलेल्या लोकांची आहे.

कुठेही गेलात तरी शिकायला सलग चार दिवस ठेवा. नाताळच्या सुट्टीत पुरेसा बर्फ असेलच असे नाही; जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ जास्त भरवशाचा. त्यासाठी शाळा बुडवावी लागली तर बुडवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरात सुती बनियन, स्वेटर, टॉवेल भरपूर आहेत. तेवढ्यावर भागेल का? (अक्कलकोट रोड)

खोलीत भागेल, उतारावर नाही. आपल्या सोलापुरी टॉवेलचा पाणी शोषण्याचा गुण बर्फात घात करतो: सुती कापड घाम धरून ठेवते, आणि थांबलात की तोच ओलावा अंग गार करतो. आत लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचे जॅकेट), बाहेर पाणी न शिरणारे जॅकेट आणि पँट. बाहेरचे दोन कपडे भाड्याने घ्या, थर्मल मात्र स्वतःचे. हातमोजे प्रत्येकी दोन जोड. लहान मुलांचा पहिला जोड तासाभरात भिजतो.

भाड्याचे बूट फार टोचतात म्हणे. मोठा नंबर मागावा का? (होटगी रोड)

मुळीच नाही. सैल बुटात टाच उचलली जाते, स्की वळत नाही आणि नडगी सोलवटते. पायात एकच पातळ, लांब मोजा घाला. दोन मोज्यांच्या मध्ये घडी पडते आणि तिथेच फोड येतो. थर्मलची मोहरी बुटात कोंबू नका. टाच मागे आपटून बसवा, मग बकल लावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर सुटावीत. असे होत नसेल तर जोड बदलून मागा, संकोच करू नका.

स्की हनुवटीच्या खाली येणारी घ्या. वजन, उंची आणि वय खरे सांगा, कारण पडल्यावर बूट किती जोरात सुटावा हे बाइंडिंगवर (बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्यावर) त्यावरूनच लावतात. बाइंडिंगमध्ये पाय ठेवण्याआधी तळव्याचा बर्फ काठीने खरवडून काढा. तो राहिला तर बूट नीट अडकत नाही.

थांबायचे कसे? वयाच्या पन्नाशीत पडण्याची भीती वाटते. (सात रस्ता)

टाचा बाहेर ढकला, स्कीची पुढची टोके जवळ आणा, पण एकमेकांवर चढू देऊ नका. कोन जितका रुंद, वेग तितका कमी. बहुतेकांचे इथेच चुकते: भीतीने अंग मागे रेलते, पुढच्या टोकांवरचा भार जातो आणि वेग उलट वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबलेली ठेवा आणि नजर चार-पाच मीटर पुढे.

तरीही तोल गेलाच तर उताराच्या वरच्या बाजूला कुशीवर पडा. हात मागे टेकला की मनगट जाते, आणि घसरत असतानाच उठू पाहिले की गुडघा पिळवटतो. पूर्ण थांबा, स्की शरीराच्या खालच्या बाजूला उताराला आडव्या करा, मगच उठा. आधीच गुडघ्याची तक्रार असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ऊन आणि खाणे? (बाळे)

सोलापूरच्या उन्हाची सवय इथे कामी येत नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल हवा आणि सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा. हेल्मेट सर्वांना. तहान लागत नसली तरी तासातासाला कोमट पाणी प्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी जरूर न्या, ती टिकते. दुपारी मात्र काहीतरी गरम खा आणि पाय थकल्यावर ‘एक शेवटची फेरी’ मारू नका.